विषाणूची जुळणी: कवच टिकलेही पाहिजे आणि उलगडलेही पाहिजे

नीलमोहर (धागाकर्ती)

करोनाच्या साथीनंतर काटेरी गोळ्याचे चित्र सर्वांच्या ओळखीचे झाले. विषाणू कसा पसरतो आणि लस कसे काम करते यावरही मराठीत बरेच लिहिले गेले. मात्र तो कण मुळात तयार कसा होतो, त्याचे शेकडो-हजारो भाग पेशीच्या गर्दीत एकमेकांना कसे सापडतात, याबद्दल फारसे वाचायला मिळत नाही. जीवरसायनशास्त्र शिकवताना मला हाच भाग सर्वांत जास्त विचार करायला लावणारा वाटत आला आहे, म्हणून हा धागा. सुरुवात मी तंबाखूच्या मोझॅक विषाणूपासून करते, कारण विषाणूंच्या रचनेविषयीच्या ज्ञानाचा पाया त्याच्यावर घातला गेला आणि जुळणीची प्रक्रिया इतक्या उघडपणे फार थोड्या विषाणूंत पाहता येते.

तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद डागांची नक्षी उमटवणाऱ्या या रोगाचे पद्धतशीर वर्णन अडॉल्फ मायर यांनी १८८६ साली नेदरलँड्समध्ये केले. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून रोगट पानांचा रस गाळला तरी तो संसर्ग करतोच, हे दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ साली दाखवले, आणि हा जिवाणूंपेक्षा वेगळ्याच प्रकारचा संसर्गकारक आहे, असे मार्टिनस बायरिंक यांनी १८९८ साली ठामपणे मांडले. पुढे १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी तो स्फटिकरूपात वेगळा करून ते निव्वळ प्रथिन असल्याचे जाहीर केले; पण पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी त्यात रायबोन्यूक्लिक आम्ल, म्हणजे आरएनए, असल्याचे दाखवून दिले. कणाच्या वजनात या आम्लाचा वाटा जेमतेम ५ टक्के आहे आणि पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. विषाणूचा सगळा वारसा त्या ५ टक्क्यांत साठवलेला आहे, हे ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाला त्या काळचे लेखन वाचताना नवल वाटल्यावाचून राहत नाही.

आता रचना पाहू. हा कण म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशी ताठ काठी असते आणि तिच्या मधून सुमारे ४ नॅनोमीटर व्यासाची पोकळी आरपार जाते. आत सुमारे ६,४०० न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या एकेका दुव्याचे हे नाव) आरएनएचा एकच धागा असतो आणि त्याच्याभोवती एकाच प्रथिनाच्या २,१३० प्रती मक्याच्या कणसावर दाणे बसावेत तशा दाटीने, पण मळसूत्री रांगेत बसलेल्या असतात. मळसूत्राच्या दर ३ फेऱ्यांत ४९ उपघटक, म्हणजे प्रथिनाच्या ४९ प्रती, येतात आणि एका फेरीची उंची २.३ नॅनोमीटर भरते. आरएनए मधल्या पोकळीत सैल पडलेला नसतो. तो उपघटकांमधल्या खाचेत, अक्षापासून सुमारे ४ नॅनोमीटर अंतरावर, त्याच मळसूत्रात गुंफलेला असतो आणि प्रत्येक उपघटक त्याची ३ न्यूक्लिओटाइडे धरून ठेवतो.

एकच प्रथिन इतक्या वेळा का वापरायचे, याचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. या प्रथिनात १५८ अमिनो आम्ले आहेत. एका अमिनो आम्लासाठी ३ न्यूक्लिओटाइडे लागतात, म्हणजे प्रथिनाची कृती लिहायला ४७४ न्यूक्लिओटाइडे पुरतात. याउलट कवचाचा प्रत्येक भाग वेगळा असता, तर २,१३० भागांसाठी दहा लाखांहून अधिक न्यूक्लिओटाइडे लागली असती आणि तेवढा आरएनए या काठीत मावणे शक्यच नव्हते. विषाणूला आपले कवच थोड्या प्रकारच्या भागांच्या पुष्कळ प्रतींतून उभे करावे लागते, आणि एकसारखे भाग एकमेकांशी एकसारख्या रीतीने जोडले गेले की सममिती आपोआप येते.

माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग १९५५ सालचा आहे. बर्कली येथे हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट आणि रॉबली विल्यम्स यांनी या विषाणूचे प्रथिन आणि आरएनए वेगवेगळे केले आणि मग योग्य द्रावणात पुन्हा एकत्र मिसळले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा काठ्या दिसल्या आणि त्या काठ्या तंबाखूच्या पानांना संसर्ग करू लागल्या. परीक्षानळीत पेशी नव्हती, बाहेरून पुरवलेली ऊर्जा नव्हती आणि जुळणी करून देणारे कोणतेही विकर नव्हते. याचा अर्थ जुळणीची सूचना भागांच्या आकारात आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभारांच्या मांडणीतच होती.

ही जुळणी कशी होते हे पुढच्या दोन दशकांत, विशेषतः केंब्रिजमध्ये बटलर आणि क्लूग यांच्या कामातून, बरेच स्पष्ट झाले. उदासीन द्रावणात मोकळी प्रथिने प्रत्येकी १७ उपघटकांच्या दोन थरांची चकती बनवतात. (प्रत्यक्ष द्रावणात ही चकती नसून आखूड मळसूत्राचा तुकडा असतो, असे नंतरच्या काही अभ्यासकांचे म्हणणे आहे आणि त्याला चांगला आधार आहे.) आरएनएच्या तीन-प्राइम टोकापासून (धाग्याच्या दोन टोकांना पाच-प्राइम आणि तीन-प्राइम म्हणतात) जवळपास हजार न्यूक्लिओटाइडे आत केसपिनेसारखा दुमडलेला एक भाग असतो आणि जुळणी तिथूनच सुरू होते. तो दुमडलेला भाग चकतीच्या मधल्या पोकळीत खालून शिरतो, थरांच्या मध्ये अडकतो, आणि चकती वळून मळसूत्राचे रूप घेते. मग वरून नवी प्रथिने येऊन बसत राहतात आणि आरएनएचे लांब टोक मधल्या पोकळीतून वर खेचले जाते. त्यामुळे अर्धवट बनलेल्या काठीच्या एकाच बाजूला आरएनएची दोन्ही टोके लोंबताना दिसतात. दुसऱ्या दिशेची, तीन-प्राइम टोकाकडची, वाढ बरीच सावकाश होते. वनस्पतीच्या पेशीत असंख्य आरएनए असतात. त्या गर्दीतून विषाणूचाच आरएनए वेचला जाण्यात या दुमडलेल्या भागाचा मोठा वाटा आहे.

या साऱ्यातून एक गोष्ट मला आवर्जून मांडायची आहे. कवच जितके घट्ट तितके चांगले, असे आपण नकळत धरून चालतो. परंतु विषाणूच्या कवचातला प्रत्येक जोड एकेकटा पाहिला तर दुबळा असतो आणि तो तसाच असावा लागतो. जोड अतिशय घट्ट असते तर चुकीच्या जागी बसलेला उपघटक तिथेच अडकला असता आणि वेड्यावाकड्या रचनांचा ढीग तयार झाला असता. जोड दुबळे असल्यामुळे चुकीचा भाग सुटतो, योग्य भाग टिकतो, आणि शेकडो दुबळे जोड एकत्र आले की संपूर्ण कण मजबूत होतो. शिवाय याच कणाला नव्या पेशीत गेल्यावर उलगडायचेही असते. जुळणी आणि उलगडणे या दोन्हींचा तोल ज्या प्रथिनाला साधतो, तेच विषाणूचे कवच होऊ शकते.

गणितप्रेमी

फार सुरेख मांडणी. काठीच्या बाबतीत एक सोय अशी, की तिची लांबी आरएनए ठरवतो. आरएनए संपला की काठी संपली. गोल दिसणाऱ्या कवचाला मात्र बंद व्हावे लागते आणि तिथे भूमिती आपले नियम लादते. १९५६ साली क्रिक आणि वॉटसन यांनी असा तर्क मांडला, की लहान गोल विषाणूंची कवचे घनासारख्या सममितीने रचलेली असणार. या सममितीच्या तीन जाती आहेत आणि त्यांत अनुक्रमे १२, २४ आणि ६० एकसारखे भाग अगदी सारख्या स्थितीत बसू शकतात. त्यांतली सर्वांत मोठी, ६० भागांची सममिती, ही वीस त्रिकोणी बाजू असलेल्या विंशतिफलकाची होय. प्रत्यक्षातही असंख्य विषाणूंनी तीच स्वीकारलेली आढळते.

अडचण अशी होती, की अनेक विषाणूंत १८० किंवा त्याहून अधिक भाग सापडू लागले. डोनाल्ड कॅस्पर आणि आरन क्लूग यांनी १९६२ साली ती सोडवली. भाग तंतोतंत सारख्या स्थितीत नसून जवळजवळ सारख्या स्थितीत असले, म्हणजे जोड थोडे वाकू शकत असले, तर काही ठिकाणी पाचांचे आणि काही ठिकाणी सहांचे गट करून मोठे कवच रचता येते. दोन पूर्णांक घ्यावेत, त्यांचे वर्ग आणि त्यांचा परस्परगुणाकार यांची बेरीज करावी. येणारी संख्या म्हणजे कवचाचा 'टी' अंक, आणि भागांची संख्या त्याच्या ६० पट. त्यामुळे १, ३, ४, ७, ९, १२, १३ हे अंक चालतात, पण २, ५ किंवा ६ चालत नाहीत. कवच कितीही मोठे झाले तरी पाचांचे गट मात्र १२ च राहतात, कारण षटकोनांनी बनलेला सपाट पृष्ठभाग वळवून पूर्ण बंद करायचा तर नेमके १२ पंचकोन लागतात. हे गणितज्ञ ऑयलर यांच्या सूत्रातून थेट निघते. त्या काळी गाजत असलेल्या, वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांचा प्रभाव आपल्या विचारावर पडल्याचे या दोघांनी मोकळेपणाने नमूद केले होते.

अपवादही तितकाच बोलका आहे. पॉलिओमा विषाणूचे कवच 'टी ७' मांडणीचे आहे. सिद्धान्ताप्रमाणे त्यात १२ पंचके आणि ६० षटके, म्हणजे ४२० भाग हवेत. १९८२ साली स्फटिकाच्या अभ्यासातून असे निघाले, की सगळीच्या सगळी ७२ पंचकेच आहेत आणि भाग ३६० आहेत! प्रत्येक प्रथिनाची लवचिक शेपटी शेजारच्या पंचकात शिरते आणि तीच वेगवेगळ्या कोनांत वळून जागेचा फरक भरून काढते. सिद्धान्त न पाळणारे हे उदाहरण मला सिद्धान्ताइतकेच आवडते.

जुनी_पाने

या धाग्यात रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव यायलाच हवे. डीएनएच्या संदर्भात त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो, पण १९५३ नंतर लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात त्यांनी तंबाखूच्या याच विषाणूवर केलेले काम सामान्य वाचकापर्यंत फारसे पोहोचलेले नाही. हा कण मळसूत्री असल्याचे क्ष-किरणांच्या चित्रांवरून वॉटसन यांनी आधी मांडले होते. परंतु कण मधून पोकळ आहे आणि आरएनए त्या पोकळीत नसून प्रथिनांच्या आत, अक्षापासून ४ नॅनोमीटरवर आहे, हे चित्र पक्के होण्यात फ्रँकलिन यांच्या मोजमापांचा मोठा वाटा होता. धागाकर्तीने वर दिलेला आकडा त्या कामाकडेच जातो.

ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांच्या गटाने या विषाणूची मोठी प्रतिकृती तयार केली होती. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. पोलिओ विषाणूच्या रचनेचे काम त्यांनी हाती घेतले होते. ते सहकारी क्लूग आणि फिंच यांनी पुढे नेले आणि १९५९ साली प्रसिद्ध केलेला निबंध त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. क्लूग यांना १९८२ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या कामाबद्दल ते मिळाले त्याची सुरुवात फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत झाली होती, ही बाब मराठीत कुठेतरी नीट लिहिलेली असावी असे फार वाटते.

बांधावरून

मी टोमॅटो करतो, त्यामुळे या विषाणूच्या जवळच्या भावंडाशी, टोमॅटोच्या मोझॅक विषाणूशी, माझा थेट संबंध येतो. रोपे लावताना, फुटवे काढताना, बांधणी करताना मजुरांच्या हातांवाटे आणि कात्रीवाटे तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. तंबाखू हाताळलेल्या हातांनी रोपांना शिवू नये असे सांगितले जाते तेही याचसाठी. माझा प्रश्न असा आहे. हा विषाणू वाळलेल्या पाल्यात वर्षानुवर्षे टिकतो, अवजारांवर टिकतो, नुसत्या उन्हाने मरत नाही. इतके टिकाऊ कवच झाडाच्या पेशीत गेल्यावर इतक्या लवकर कसे उघडते? तिथे असे काय असते जे बाहेर नसते?

दुसरे असे, की पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पाने वळवणारा लीफ कर्लचा विषाणूही याच घडणीचा असतो का?

नीलमोहर (धागाकर्ती)

आपला पहिला प्रश्न धाग्याच्या गाभ्यालाच हात घालतो. या विषाणूचा रस १० मिनिटे सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा तेव्हा कुठे तो निकामी होतो, आणि तोच कण जिवंत पेशीत गेल्यावर काही मिनिटांत सुटू लागतो.

उत्तर उपघटकांच्या जोडांत दडलेले आहे. शेजारच्या दोन उपघटकांवर काही ठिकाणी ऋण विद्युतभाराचे आम्लगट समोरासमोर येतात. बाहेर असताना कॅल्शियमचे आयन आणि हायड्रोजनचे आयन त्यांच्यामध्ये बसून हे अपकर्षण दाबून ठेवतात. पेशीच्या आत कॅल्शियम अतिशय कमी असते आणि आम्लताही बाहेरच्यापेक्षा कमी असते, त्यामुळे हे आयन निघून जातात, समोरासमोरचे ऋणभार एकमेकांना ढकलू लागतात आणि जोड सैल होतात. म्हणजे कवचात ताण मुद्दाम राखून ठेवलेला असतो आणि पेशीतले वातावरण तो मोकळा करते.

एवढ्याने सगळी काठी विस्कटत नाही. फक्त पाच-प्राइम टोकाकडचे थोडे उपघटक गळतात. त्या टोकाच्या सुमारे ७० न्यूक्लिओटाइडांत 'जी' हे अक्षर (न्यूक्लिओटाइडांच्या चार प्रकारांपैकी एक) नसते. या प्रथिनाची आरएनएवरची पकड तीनांच्या गटात ठरावीक जागी 'जी' असताना अधिक चांगली बसते, म्हणून हा भाग आधीपासूनच सैल धरलेला असतो. टोक उघडे पडताच पेशीचा रायबोसोम त्यावर चढतो आणि प्रथिन बनवण्यासाठी आरएनए वाचत पुढे सरकताना वाटेतले उपघटक बाजूला सारत जातो. वाचन आणि उलगडणे एकाच वेळी चालण्याची ही कल्पना १९८० च्या दशकात मांडली गेली आणि पुढच्या प्रयोगांनी तिला दुजोरा मिळाला. यात विषाणूचा दुहेरी लाभ आहे: नग्न आरएनए पेशीतल्या विकरांपुढे फार वेळ उघडा पडत नाही, आणि उलगडण्याचे कष्ट पेशीच करते.

लीफ कर्लचा विषाणू पूर्णपणे वेगळा आहे. तो जेमिनी गटातला. त्याच्यात डीएनए असतो आणि कण जोडगोळीचा असतो: विंशतिफलकाची दोन अपुरी कवचे कडेला कडा लावून चिकटलेली, मिळून प्रथिनाची २२ पंचके, म्हणजे ११० प्रती. तो माशीच्या शरीरातून प्रवास करतो, त्यामुळे तिथे पांढऱ्या माशीचा बंदोबस्त महत्त्वाचा. मोझॅकच्या बाबतीत मात्र हात आणि अवजारे स्वच्छ ठेवणे, आणि रोपे हाताळताना हात अधूनमधून दुधात बुडवणे हा रोगशास्त्रज्ञांनी पूर्वीपासून सुचवलेला उपाय उपयोगी पडतो.

दूरदेशी

मी जिवाणूभक्षी विषाणूंवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे, म्हणून थोडा मतभेद नोंदवतो. भाग एकत्र आले की कण आपोआप तयार होतो, हे तंबाखूच्या विषाणूपुरते खरे आहे, पण त्यावरून सर्व विषाणूंविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे. साल्मोनेलाला ग्रासणारा पी२२ हा विषाणू घ्या. त्याचे कवचप्रथिन एकटे सोडले तर चुकीच्या मापाची आणि वळकटीसारखी कवचे बनतात. योग्य कवच बनण्यासाठी आतून आधार देणारे परांचीप्रथिन लागते. कवच उभे राहिले की ही परांची बाहेर पडते आणि पुढच्या कवचासाठी पुन्हा वापरली जाते. तयार कणात तिचा मागमूसही राहत नाही. तयार वस्तूची कितीही बारकाईने पाहणी केली तरी ती कशी बनली हे कळेलच असे नाही, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आणि मग डीएनए भरण्याचा प्रश्न येतो. तंबाखूच्या विषाणूत कवच आरएनएभोवती रचले जाते. इथे आधी रिकामे कवच बनते आणि एका कोपऱ्यावरच्या दारातून डीएनए आत ढकलला जातो. फाय-२९ या विषाणूत ६.६ मायक्रोमीटर लांबीचा डीएनए ४२ बाय ५४ नॅनोमीटरच्या कवचात कोंबला जातो. २००१ साली 'प्रकाशाच्या चिमट्याने' (लेसरने सूक्ष्म वस्तू धरण्याच्या तंत्राने) केलेल्या मोजणीत डीएनए आत ढकलणारी ही रेण्वीय मोटर सुमारे ५७ पिकोन्यूटन बल लावते असे आढळले, जे स्नायूंतल्या मायोसिनच्या एका रेणूच्या बलाहून कितीतरी पट अधिक आहे. यासाठी पेशीतले एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारे रेणू, खर्च होतात. मग याला स्वयंजुळणी म्हणावे का?

नीलमोहर (धागाकर्ती)

कवच उभे राहणे आणि त्यात डीएनए भरणे या दोन पायऱ्या मी वेगळ्या ठेवीन. दुसरी पायरी निःसंशय ऊर्जा खर्चणारी आहे. पहिल्या पायरीत परांची लागते हे खरे. पण ती परांचीसुद्धा कवचाच्या प्रथिनांशी दुबळ्या जोडांनीच बांधली जाते आणि म्हणूनच काम झाल्यावर सुटून बाहेर येऊ शकते. ती घट्ट चिकटली असती तर डीएनएला आत जागाच उरली नसती. टी४ या जिवाणूभक्षी विषाणूत (हे त्याचे नाव, कवचाचा 'टी' अंक नव्हे) डोके, शेपटी आणि शेपटीचे तंतू तीन स्वतंत्र वाटांनी तयार होतात आणि शेवटी जोडले जातात, हे एडगर आणि वूड यांनी १९६६ साली परीक्षानळीत दाखवले. तिथे क्रम काटेकोर असतो, कारण एक भाग बसल्याखेरीज पुढच्या भागासाठी लागणारी जागाच तयार होत नाही. क्रमाची वही कोणी बाहेरून धरलेली नसते, एवढ्या अर्थाने मी स्वयंजुळणी हा शब्द वापरते.

कोकणकडा

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एक काम इथे सांगण्याजोगे आहे. आपल्याकडे ज्याच्या फुलांची भाजी करतात त्या हादग्यावर आढळणाऱ्या मोझॅक विषाणूची रचना एम. आर. एन. मूर्ती आणि एच. एस. सावित्री यांच्या गटांनी उलगडली. कवचात एकाच प्रथिनाच्या १८० प्रती 'टी ३' मांडणीत असतात. प्रथिनाच्या सुरुवातीची ६५ अमिनो आम्ले काढून टाकली, की तेच प्रथिन ६० प्रतींचे लहान 'टी १' कवच बनवते. गणितप्रेमी यांनी सांगितलेले 'जवळजवळ सारख्या' स्थितीतले बसणे कशावर अवलंबून असते, ते यातून दिसते: मूळ कवचात ती सुरुवातीची शेपटी काही उपघटकांत व्यवस्थित घडी होऊन जोडाला सपाट ठेवते, आणि तीच नसली की सपाट जोड बनत नाही, कवच लवकर वळते आणि लहान होऊन बंद होते.

माझा एक प्रश्न आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० साली भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्यातून करोना विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले चित्र प्रसिद्ध केले होते. त्यातला कण ७५ नॅनोमीटरचा होता. त्यालाही असे गणिती कवच असते का?

नीलमोहर (धागाकर्ती)

नसते. करोना विषाणूचा बाहेरचा थर मेदाचा असतो आणि तो पेशीच्याच अंतर्गत पटलांतून घेतलेला असतो. जवळपास ३०,००० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए 'एन' प्रथिनाच्या गाठोड्यांत बांधला जातो, 'एम' प्रथिन पटलात दाटीने जमून त्याला वाक देते, काटे त्याच पटलात रोवलेले असतात, आणि कण पेशीतल्या पोकळीत कळीसारखा फुटून सुटतो. म्हणून त्याचे कण एकाच मापाचे नसतात.

औदुंबर

स्वयंजुळणीचा एक उपयोग पुण्याशी जोडलेला आहे म्हणून लिहितो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचे 'एल१' हे कवचप्रथिन एकटेच पेशीत बनवले, तरी त्याची कवचे आपोआप जुळतात. १९९१ साली ऑस्ट्रेलियात जियान झोऊ आणि इयान फ्रेझर यांनी अशी विषाणूसदृश कवचे बनवली आणि त्यातून लशीचा मार्ग खुला झाला. कवच बाहेरून हुबेहूब असते, ७२ पंचके आणि ३६० प्रती, परंतु आत विषाणूचा डीएनए नसतो, त्यामुळे संसर्ग होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सीरम इन्स्टिट्यूटची २०२२ साली मान्यता मिळालेली सर्व्हाव्हॅक ही लस याच तत्त्वावर आधारलेली असून ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांपासून संरक्षण देते. मुलींच्या पालकांना लशीत जिवंत विषाणू असतो का, अशी शंका असते. त्यांना हा धागा वाचायला द्यावा असे मला वाटते.

दूरदेशी

आपल्या मूळ मुद्द्याच्या बाजूने, जोडांच्या दुबळेपणाविषयी, आता मीच भर घालतो. कावीळ ब विषाणूच्या गाभ्याच्या कवचावर अ‍ॅडम झ्लॉटनिक यांच्या गटाने केलेल्या मोजमापांतून असे दिसले, की दोन भागांमधला एकेक जोड अवघ्या ३ ते ४ किलोकॅलरी प्रति मोल इतक्या ऊर्जेचा असतो, आणि तरीही प्रथिनांच्या १२० जोड्यांचे पूर्ण कवच भक्कम राहते. हे जोड कृत्रिमरीत्या घट्ट करणारे रेणू दिले, तर जुळणी नको तितक्या वेगाने होते आणि रिकामी किंवा बिघडलेली कवचे बनतात. या तत्त्वावरची औषधे तपासली जात आहेत.

एचआयव्हीमध्ये तर हे प्रत्यक्ष उपचारापर्यंत पोहोचले आहे. त्याचे परिपक्व कवच शंकूच्या आकाराचे असते: सुमारे २५० षटके आणि नेमकी १२ पंचके, त्यांतली साधारणपणे ७ रुंद टोकाला आणि ५ अरुंद टोकाला. आकार विचित्र असला तरी ऑयलरचा आकडा तिथेही सुटत नाही. या षटकांच्या मध्यावर धनभाराचे वलय असते आणि ते स्थिर ठेवायला विषाणू पेशीतल्या आयपी६ या रेणूचा आधार घेतो, हे २०१८ साली उघड झाले. धान्याच्या कोंड्यात आणि डाळींत आढळणारे फायटिक आम्ल ते हेच. लेनाकापाविर हे औषध कवचाच्या शेजारच्या दोन उपघटकांमधल्या खाचेत बसते आणि त्यांची मांडणी अवाजवी ताठ करते. परिणामी नवी कवचे नीट जुळत नाहीत आणि आत शिरलेली कवचे वेळेवर उघडू शकत नाहीत. अन्य औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गावर ते २०२२ साली मान्य झाले आणि २०२५ साली अमेरिकेत, सहा महिन्यांतून एकदा टोचून, संसर्ग टाळण्यासाठीही त्याला मान्यता मिळाली.

बांधावरून

म्हणजे कवच उघडू न देणे हाही विषाणूला रोखण्याचा मार्ग झाला. मग एचआयव्हीचे कवच पेशीत नेमके कुठे उघडते? तेही तंबाखूच्या विषाणूप्रमाणे आत शिरताच सैल होते का?

दूरदेशी

बरीच वर्षे तसेच मानले जात होते, की पेशीत शिरल्यावर थोड्याच वेळात कवच विरघळते आणि आतला मालमसालाच केंद्रकाकडे जातो. गेल्या काही वर्षांत गोठवलेल्या पेशींच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांनी हे चित्र बदलले. पूर्ण शंकू केंद्रकाच्या छिद्रात, अरुंद टोक पुढे करून शिरताना पाहिला गेला आहे. पूर्वीच्या मापांनुसार ते छिद्र शंकूच्या रुंद बाजूसाठी अपुरे वाटत असे. जिवंत पेशीत ते सुमारे ६० नॅनोमीटरपर्यंत रुंद असते असे आता दिसते, त्यामुळे संपूर्ण कवच आत जाऊ शकते. आरएनएपासून डीएनए बनवण्याचे काम कवचाच्या आतच बरेच पुढे गेलेले असते, आणि वाढत्या डीएनएच्या दाबाने कवच आतून फुटत असावे असे अनेकांचे मत आहे. उघडण्याची जागा केंद्रकात, विषाणूचा डीएनए जिथे पेशीच्या गुणसूत्रात शिरणार असतो त्याच्या अगदी जवळ असते. तंबाखूच्या विषाणूत रायबोसोम कवच सोलत जातो. इथे ते शेवटच्या टप्प्यापर्यंत शाबूत राहते आणि आतल्या डीएनएला पेशीच्या पहारेकऱ्यांपासून लपवून ठेवते.